अंग वर गेले, लघवी सुटली

नांदेड-लातूरकडच्या खेड्यातली बाई डॉक्टरसमोर बसली की आजाराचे नाव घेत नाही. "मायांग बाहेर येतंय" किंवा "अंग खाली उतरलंय" एवढेच खालच्या आवाजात सांगते. लागोपाठची बाळंतपणे, बाळंतपणानंतर न मिळालेली विश्रांती, डोक्यावरची ओझी, चुलीच्या धुराने जडलेला खोकला आणि उतरते वय, या सगळ्यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध सैल होतात. मग गर्भाशय खाली सरकते आणि त्याच्यासोबत पुढून मूत्राशय, मागून गुदाशयही खाली येते. वर्षानुवर्षे सोसल्यावर एकदाची शस्त्रक्रिया होते, अंग वर जाते, टाके भरतात. आणि काही जणींच्या बाबतीत त्यानंतर नवेच दुखणे सुरू होते. खोकला आला, शिंक आली, भरलेली घागर उचलली की लुगड्यात लघवी सुटते. घरचे म्हणतात, ऑपरेशन बिघडले. दवाखाना म्हणतो, अंग जागेवर आहे, ऑपरेशन यशस्वी झाले. या दोन उत्तरांच्या मध्ये ती बाई अडकते आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. माझे म्हणणे असे की ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. अंग बाहेर येण्यावरच्या उपचारांचा इतिहास हा बहुतांशी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचा इतिहास राहिला. शंभर वर्षे शस्त्रक्रियेचे यश अवयवाच्या जागेवरून मोजले गेले, बाईचे कपडे कोरडे राहतात की नाही यावरून नाही. मराठवाड्यात ही उणीव अधिक खोल गेली, कारण इथे शस्त्रक्रियाच फार उशिरा आणि फार दुरून पोचली.

आधी हे नवे दुखणे येते कुठून ते पाहिले पाहिजे, कारण बाकी सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मूत्राशय खूप खाली उतरले की मूत्रमार्ग मुडपतो, दाबला जातो. शेतात पाणी देताना रबरी नळी मुडपली तर तोटी पूर्ण बंद नसतानाही पाणी थांबते, तसेच हे. मूत्रमार्गाची आवळून धरण्याची ताकद बाळंतपणातच गेलेली असते, पण मुडपल्यामुळे गळती झाकली जाते. उलट अशा बाईला लघवी साफ होत नाही आणि कधी बोटाने अंग वर ढकलल्याशिवाय ती मोकळी होत नाही. शस्त्रक्रियेने मूत्राशय वर गेले, मूत्रमार्ग सरळ झाला की आतली कमजोरी उघडी पडते. म्हणजे पुष्कळदा शस्त्रक्रियेने गळती निर्माण केलेली नसते, आधीपासून दडलेली गळती बाहेर काढलेली असते. हे एक वाक्य शस्त्रक्रियेच्या आधी सांगितले गेले, तर 'बिघडले' हा शब्द अनेक घरांत उच्चारलाच जाणार नाही.

हे ज्ञान बाईपर्यंत का पोचले नाही, याचे पहिले कारण भूगोलात आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर असल्यामुळे तिथल्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी हैदराबादची वाट होती. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये आली आणि १९२७ मध्ये हाच मार्ग पंढरपूरवरून मिरजेला जाऊन भिडला. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले मिशन हॉस्पिटल शस्त्रक्रियांसाठी दूरवर नावाजलेले होते. गाडीची सोय झाली, पण त्या प्रवासाचा हिशोब बाईच्या बाजूने मांडून पाहावा. खाली उतरलेले अंग घेऊन अरुंद डब्यात इतका लांबचा प्रवास, सोबतीला घरचा माणूस, शेतातली कामे बुडालेली आणि परक्या गावचा मुक्काम. इतके करून शस्त्रक्रिया झाली, तर नंतर लघवी सुटते एवढ्यासाठी तीच वाट पुन्हा कोण चालेल? ज्या आजारात रुग्ण परत येतच नाही, त्या आजाराचे पुढे काय झाले हे डॉक्टरलाही कळत नाही. मराठवाड्यातल्या मौनाची सुरुवात लाजेपासून झाली असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, लाजेइतकाच वाटा अंतराचा होता.

दुसरे कारण खुद्द शस्त्रक्रियेच्या परंपरेत आहे, आणि ती परंपरा मोठी आहे. मँचेस्टरच्या आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ मध्ये अंग बाहेर येण्यावर एक शस्त्रक्रिया सुरू केली, फॉदरगिल यांनी ती सुधारली आणि 'मँचेस्टर ऑपरेशन' या नावाने ती जगभर गेली. तिच्यात गर्भाशयाच्या मुखाचा भाग कापला जाई, त्यामुळे पुढचे गरोदरपण धोक्यात येई. युरोपात हा प्रश्न गौण होता, कारण तिथल्या रुग्ण बहुतेक प्रौढ. आपल्याकडे विशीतल्या, एखादे मूल झालेल्या, कधी एकही मूल न झालेल्या मुलींचे अंग बाहेर येत होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९-१९७१), जन्माने गोव्यातल्या शिरोड्याचे, यांनी मँचेस्टर ऑपरेशन असे बदलले की मुख कापावे लागू नये. मूल न झालेल्या स्त्रियांसाठी त्यांनी गर्भाशयाचे मुख मागे माकडहाडाच्या वरच्या कण्याच्या भागाला पट्टीने टांगणारी शस्त्रक्रिया बसवली. मुंबईच्याच पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया पोटाच्या पुढच्या पडद्याचा आधार घेऊन तेच काम करते. गर्भाशय वाचवणे हा या मराठी शल्यचिकित्सकांचा ध्यास होता. ज्या समाजात मूल नाही म्हणून बाईला टाकले जाई, त्या समाजात हा ध्यास निव्वळ तांत्रिक नव्हता, माणुसकीचा होता.

पण या थोर कामातही मूत्राशयाचे स्थान दुय्यमच राहिले. लघवीच्या गळतीसाठी अमेरिकेचे हॉवर्ड केली यांनी १९१३ मध्ये मूत्राशयाच्या मानेखाली घालायचा टाका सांगितला होता. पुढची भिंत शिवताना तो टाका घालण्याचा रिवाज पडला आणि अनेक दशके 'केलीचा टाका घातला' या वाक्यावर लघवीचा प्रश्न मिटल्याचे मानले गेले. दीर्घकाळ पाहता या टाक्याचे यश मर्यादित आहे, हे पुढे तुलनात्मक अभ्यासांनी दाखवले. तोवर गळतीचे स्वतंत्र शास्त्र बरेच पुढे गेले होते. अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. मार्शल, मार्चेटी आणि क्रांझ यांनी १९४९ मध्ये मूत्राशयाची मान वर उचलून बांधली. १९६१ मध्ये बर्च यांनी त्यात सुधारणा केली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर उल्मस्टेन व पेट्रोस यांनी मूत्रमार्गाखाली झोळीसारखी पट्टी घालण्याची पद्धत आणली. अंग वर नेणारे शास्त्र आणि गळती थांबवणारे शास्त्र अशी दोन वेगळी दालने झाली. बाई मात्र एकच होती.

मोजमापांचा इतिहासही हेच सांगतो. १९९६ मध्ये अंग किती बाहेर आले आहे हे सेंटिमीटरमध्ये, ठरावीक बिंदूंवर मोजण्याची पद्धत जगभर मान्य झाली आणि शस्त्रक्रियेचे यश त्या आकड्यांवर ठरू लागले. लघवीच्या गळतीची व्याख्या पाहा. या विषयावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७९ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार गळती डॉक्टरला तपासणीत दाखवता आली पाहिजे आणि ती सामाजिक वा स्वच्छतेची अडचण ठरली पाहिजे, तेव्हाच ती गळती. २००२ मध्ये व्याख्या बदलली: अनिच्छेने लघवी गळते अशी बाईची तक्रार असली की पुरे. २००९ मध्ये तर अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की शस्त्रक्रियेनंतर बाईला स्वतःला बरे वाटते की नाही याचा संबंध निव्वळ मापांशी नसतो. बाहेर काही येते ही जाणीव गेली की नाही, याच्याशी तो जास्त असतो. मापांवरून बाईच्या सांगण्याकडे येण्याचा हा प्रवास जगात गेल्या दोन-अडीच दशकांतला आहे. तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या डिस्चार्ज कार्डापर्यंत यायला हवा, एवढीच माझी मागणी आहे.

गळती किती जणींना होते याचे भक्कम उत्तर दोन मोठ्या चाचण्यांनी दिले. २००६ च्या अमेरिकी अभ्यासात ३२२ स्त्रिया होत्या. शस्त्रक्रियेआधी खोकताना-शिंकताना गळण्याची तक्रार त्यांच्यापैकी कुणाचीही नव्हती. पोटातून अंग वर बांधल्यावर तीन महिन्यांनी, फक्त अंग बांधलेल्या गटात ४४.१ टक्के स्त्रियांना अशी गळती होती. सोबत बर्चची शस्त्रक्रिया केलेल्या गटात २३.८ टक्के. २०१२ मध्ये योनिमार्गाने शस्त्रक्रिया झालेल्या ३३७ स्त्रियांवरचा अभ्यास आला. मूत्रमार्गाखाली पट्टी न घातलेल्या गटात तीन महिन्यांनी ४९.४ टक्के, पट्टी घातलेल्या गटात २३.६ टक्के. म्हणजे आधी कोरड्या असलेल्या स्त्रियांपैकीही जवळजवळ निम्म्या नंतर काही काळ तरी ओल्या राहतात. हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे मुखेडला किंवा निलंग्याला लावता येणार नाहीत. पण मूत्रमार्ग मुडपण्याची क्रिया देश बघत नाही, आणि आपल्याकडे शस्त्रक्रियेला येईपर्यंत अंग अनेकदा पूर्ण बाहेर आलेले असते, हे लक्षात घेतले तर प्रश्न लहान असण्याचे कारण दिसत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: मग सगळ्यांनाच पट्टी घालून टाकावी. त्याच २०१२ च्या अभ्यासाने उत्तरही दिले आहे. एका बाईची गळती टाळण्यासाठी सहाहून अधिक बायकांना पट्टी घालावी लागत होती. पट्टी घातलेल्यांपैकी ६.७ टक्के जणींच्या मूत्राशयाला शस्त्रक्रियेत छिद्र पडले. दुसऱ्या गटात एकीलाही नाही. लघवीचा जंतुसंसर्ग आणि लघवी पूर्ण न होणे हेही पट्टीच्या गटात जास्त होते. शिवाय कृत्रिम जाळीचा अनुभव ताजा आहे. अंग वर धरण्यासाठी योनिमार्गातून बसवलेल्या जाळीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले आणि एप्रिल २०१९ मध्ये तिची विक्री थांबवली. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ मध्ये जाळीचा वापर स्थगित झाला. तिथल्याच २०२० च्या चौकशी अहवालात तर स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे कशा उडवून लावल्या गेल्या हे नोंदले गेले. गळतीसाठीची पट्टी आणि अंगासाठीची जाळी या वेगळ्या गोष्टी आहेत, पण धडा दोन्हीकडे लागू आहे. सरसकट काही घालणे म्हणजे बाईचे ऐकणे नव्हे.

सरसकट घालायचे नाही आणि सरसकट दुर्लक्षही करायचे नाही, तर निवड कशी करायची? इथे दुसरा, अधिक वजनाचा आक्षेप उभा राहतो: त्यासाठी सोय कुठे आहे? नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे, त्याआधी अंबाजोगाईचे १९७४ चे आणि त्याहीआधी तेव्हाच्या औरंगाबादचे १९५६ चे. लातुरात १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. बराच काळ मुख्यतः एवढ्याच आधारावर कित्येक तालुक्यांचा भार पेलावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले तेव्हा या भाराची चर्चा देशभर झाली. अशा ठिकाणी लघवीच्या दाबाची महागडी तपासणी कुणाची आणि कधी करायची, असे कुणी विचारले तर ते गैर नाही. पण आवश्यक तपासणीला यंत्र लागत नाही. मूत्राशय भरलेले असताना खाली उतरलेले अंग योनीत बसवायच्या रिंगने किंवा बोटांनी हलकेच वर धरायचे, मूत्रमार्ग दाबला जाणार नाही याची काळजी घ्यायची आणि बाईला जोरात खोकायला सांगायचे. थेंब दिसला तर दडलेली गळती सापडली. २०१२ च्या अभ्यासात ज्यांना आधीच असा थेंब दिसला होता, त्यांच्यापैकी पट्टी न घातलेल्या जवळजवळ ७२ टक्के जणींना तीन महिन्यांनी गळती होती. ज्यांना दिसला नव्हता त्यांच्यात ३८ टक्के. दोन मिनिटांची तपासणी आणि एवढा फरक. चाचणी कोरडी निघाली म्हणजे हमी मिळाली असे नाही, हेही याच आकड्यांतून दिसते. म्हणून सूचना सगळ्यांनाच द्यायची, आणि पट्टीचा विचार फक्त काहींसाठी.

शस्त्रक्रियेनंतर गळती सुरू झालीच तर काय करायचे, हेही शास्त्राने बऱ्यापैकी ठरवून ठेवले आहे. लघवी रात्रंदिवस सतत झिरपत असेल तर मूत्राशयाला भोक पडून मार्ग झाल्याची शंका आधी घ्यायची. तिथे व्यायाम सांगून वेळ घालवणे हा अपराध आहे. लघवी तुंबून उतू जात असेल तर लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहते ते पाहायचे. जंतुसंसर्ग तपासायचा. मग ती घाईची गळती आहे की जोराची, हे विचारायचे. अचानक कळ येऊन न धरवणाऱ्या लघवीवर वेळा हळूहळू लांबवण्याचा सराव, चहा कमी करणे आणि गरज पडली तर गोळ्या आहेत. खोकताना-उचलताना होणाऱ्या गळतीवर केगेल यांचे व्यायाम आहेत. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठदा स्नायू आवळायचे, आणि हे किमान तीन महिने करायचे. वारा अडवताना जे स्नायू आवळले जातात तेच, पोट आणि मांड्या सैल ठेवून, एवढे समजावले की भाकरी थापतानाही ते करता येते. काहींची गळती शस्त्रक्रियेची सूज उतरल्यावर आपोआप कमी होते. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई करायची नाही. तिची वेळ आलीच तर बाईच्याच शरीरातल्या पडद्याची पट्टी वापरता येते, बर्चची पद्धतही आहे. कृत्रिम पट्टी हा एकच मार्ग नाही.

मराठवाड्यात या दुखण्याला दुष्काळाचा पदर आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जिथे पिण्याच्या पाण्याची ही गत, तिथे रोज भिजणारी लुगडी, परकर कुठल्या पाण्याने धुवायचे? वास येऊ नये म्हणून बाई पाणी पिणे कमी करते. लघवी दाट होऊन मूत्राशय चुरचुरते, संसर्ग होतो, घाई वाढते, म्हणजे गळतीही वाढते. देवळात जाणे, लग्नात बसणे, एसटीचा प्रवास हळूहळू सुटतो. या दुखण्याने कुणी मरत नाही, म्हणून प्राधान्य कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच की मोलमजुरी करणाऱ्या बाईचे कामावरून आणि माणसांतून उठणे हे मोठे नुकसान आहे. ते मृत्यूच्या रजिस्टरात येत नाही एवढेच.

तिसरा आक्षेप असा की बायकांची तक्रार असती तर त्यांनी सांगितली असती. याचे खंडन महाराष्ट्रातच झालेले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार. याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. न सांगणे म्हणजे नसणे नव्हे, हे त्या अभ्यासाने जगाला पटवले. कुणी घरापर्यंत येऊन नीट विचारले, म्हणून ते कळले.

आणि विचारलेच नाही तर काय होते, हे बीडने दाखवले. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले गेले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. यातल्या बहुसंख्य शस्त्रक्रिया अंग बाहेर येण्यावरच्या नव्हत्या, पाळीच्या आणि पांढऱ्या पाण्याच्या तक्रारींवर होत्या. तेव्हा हा विषय वेगळा आहे असे कुणी म्हणेल. पण २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे गळतीच्या शस्त्रक्रियेची गरज इतरांच्या दुपटीहून अधिक वेळा पडली होती. उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या पस्तिशीतल्या बाईची पिशवी काढली, तर तिच्या मूत्राशयाची चौकशी पुढची अनेक वर्षे कुणीतरी करायला नको का? 'पिशवी काढली की कटकट मिटली' हा समज शिरोडकरांच्या परंपरेच्या अगदी उलट आहे, आणि तो याच मातीत रुजला याचे वाईट वाटते.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांच्या मनातला आहे: आधीच गळतीचे सांगितले तर बाई घाबरून शस्त्रक्रियाच टाळेल. एखादी टाळेलही, आणि तिला रिंग बसवून राहण्याचा पर्याय आहे. तो सांगणे हेही कर्तव्यच. पण आधी कल्पना दिलेली बाई गळती सुरू झाल्यावर परत येते, न दिलेली बाई फसवणूक झाली असे समजून घरी बसते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात नांदेड होते. अशा योजनांनी खर्चाची भिंत बरीच पाडली. अंतराची भिंतही आता शंभर वर्षांपूर्वीची राहिली नाही. प्रश्न उरला आहे तो यशाच्या व्याख्येचा. शस्त्रक्रियेआधी अंग वर धरून खोकल्याची चाचणी झाली का, गळतीची शक्यता मराठीत समजावून सांगितली का, तीन महिन्यांनी आणि वर्षाने आशाताईंनी घरी जाऊन "कपडे ओले होतात का" असे विचारले का, या तीन नोंदी प्रत्येक कागदावर सक्तीच्या कराव्यात. यासाठी नवे यंत्र लागणार नाही, नवी इमारत लागणार नाही. जी शस्त्रक्रिया या तीन प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही, तिला यशस्वी म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला नाही आणि सरकारलाही नाही. तो त्या बाईचा आहे.